किंथुपच्या नावावर घातलेला धबधबा

भारतीय सर्वेक्षण खात्याने 1889 साली छापलेल्या एका अहवालात असे म्हटले आहे की, तिबेटमधील त्सांगपो नदी पेमाकोचुंग या छोट्याशा मठाजवळ सुमारे 150 फूट उंचीच्या कड्यावरून खाली कोसळते आणि पायथ्याच्या डोहावर सदैव इंद्रधनुष्य दिसते. ज्या माणसाच्या तोंडी ही माहिती घातली गेली, त्या किंथुपने ती अशी कधी सांगितलीच नव्हती. तरीही पुढील दोन तपे अनेकांनी या धबधब्याच्या भरवशावर स्वप्ने रचली, आणि ज्यांचा विश्वास बसला नाही त्यांनी किंथुपचा सगळा प्रवासच संशयास्पद ठरवला.

त्सांगपो आणि ब्रह्मपुत्रा ही एकच नदी की दोन, हा त्या काळच्या भूगोलतज्ज्ञांचा जुना वाद होता. ग्याला गावापाशी त्सांगपो समुद्रसपाटीपासून सुमारे 9,000 फुटांवर असते, तेथून ती 7,782 मीटर उंचीच्या नामचा बारवा शिखराला वळसा घालत एका खोल, चिंचोळ्या घळईत शिरते, आणि आसामच्या मैदानात दिहांग या नावाने जी नदी उतरते तिची उंची जेमतेम 500 फूट भरते. मधला टप्पा मात्र नकाशावर कोराच होता, कारण तिबेटमध्ये गोऱ्यांना मज्जाव होता आणि दिहांगच्या बाजूने अबोर, म्हणजे आजचे आदी, लोक कोणाला वर चढू देत नव्हते. या अडचणीवर तोडगा म्हणून खात्याने ‘पंडित’ तयार केले. यात्रेकरूच्या वेषात, 108 ऐवजी 100 मण्यांच्या माळेवर पावले मोजत जाणारे हे प्रशिक्षित मोजणीदार होत, आणि त्यांच्यापैकी नैनसिंग रावतला लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने 1877 मध्ये सुवर्णपदकही दिले. किंथुप त्या पंगतीतला नव्हता. तो सिक्कीमचा, निरक्षर, आणि नेमसिंग नावाच्या शोधकाबरोबर ग्यालापर्यंत एकदा जाऊन आलेला नोकर होता.

1880 मध्ये कॅप्टन हेन्री हार्मनने एका चिनी लामाला या कामगिरीवर धाडले आणि त्याच्या दिमतीला किंथुपला दिले. नदीच्या काठाने थेट आसामात उतरता आले नाही, तर खूण केलेले 500 ओंडके, रोज 50 याप्रमाणे, प्रवाहात सोडायचे आणि खाली आसामात हार्मनच्या माणसांनी ते वाहत येताना टिपायचे, असा बेत होता. लामाने वाटेत एका गावी यजमानाच्या बायकोशी संधान बांधून चार महिने काढले, त्या भानगडीचा दंड किंथुपच्या गाठीच्या पैशांतून भरला गेला, आणि 1881 मध्ये तोंगक्युक येथील जोंगपेनला, म्हणजे किल्ल्याच्या अधिकाऱ्याला, किंथुपला गुलाम म्हणून विकून लामा पसार झाला.

येथपर्यंतची हकिगत कोणत्याही साहसकथेत शोभेल अशी आहे. खरे नवल पुढे आहे. मार्च 1882 मध्ये किंथुप तेथून निसटला, पण घरची वाट न धरता त्सांगपोच्या काठाने आणखी खाली, पेमाको प्रदेशात गेला. मारपुंगच्या मठापाशी मालकाच्या माणसांनी त्याला गाठले, तेव्हा त्याने मठाधिपतीच्या पायांवर लोळण घेतली आणि मठाधिपतीने 50 रुपये मोजून त्याला विकत घेतले. गुलामी सुटली नाही, फक्त मालक बदलला. काही महिने राबल्यावर त्याने तीर्थयात्रेच्या नावाखाली सुटी मागितली, नदीकाठच्या रानात जाऊन एकेक फूट लांबीचे 500 ओंडके तोडले आणि ते एका गुहेत दडवून ठेवले. हार्मनने खुणेसाठी दिलेल्या पत्र्याच्या नळ्या एवढ्या धामधुमीतही त्याने जपल्या होत्या. मात्र ओंडके कोणत्या दिवशी सोडणार हे खाली कळल्याशिवाय सोडून उपयोग नव्हता, म्हणून पुन्हा यात्रेचे निमित्त काढून त्याने ल्हासा गाठले, आणि स्वतःला लिहिता येत नसल्यामुळे तेथे भेटलेल्या एका सिक्कीमी गृहस्थाकडून पत्र लिहवून घेतले. लामाने आपल्याला विकले, प्रवास फसला, तरी हुकमाप्रमाणे 500 ओंडके तयार आहेत आणि तिबेटी पंचांगातील जल-मेष वर्षाच्या दहाव्या महिन्यात रोज 50 याप्रमाणे ते सोडले जातील, असा त्या पत्राचा आशय होता. त्यानंतर तो मारपुंगला, आपल्या मालकाकडे, परत गेला. ल्हासाहून दार्जिलिंगची वाट त्याला ठाऊक असताना तो परत गेला, ही गोष्ट वाचणाऱ्याला आजही सहजासहजी पचत नाही.

ठरल्या महिन्यात, म्हणजे 1883 च्या अखेरीस, ओंडके पाण्यात पडले. पत्र हार्मनपर्यंत पोहोचलेच नाही. प्रकृती ढासळल्यामुळे तो आधीच भारत सोडून गेला होता आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये फ्लॉरेन्सला वारला होता. आसामात पाण्यावर नजर ठेवणारे कोणी उरले नव्हते, आणि ओंडके कोणाच्याही नजरेस न पडता वाहून गेले.

या वागण्याला इंग्रज लेखकांनी स्वामिनिष्ठा हे नाव दिले आहे, आणि ते त्यांना सोयीचेही होते. प्रस्तुत लेखकाच्या मते निष्ठेपेक्षा येथे कारागिराचा हट्ट अधिक दिसतो, कारण ज्याने काम सांगितले तो साहेब किंथुपच्या जगातून केव्हाच पुसला गेला होता, पण हाती घेतलेले काम अर्धवट पडून होते. अर्थात हाही तर्कच, कारण किंथुपला या बाबतीत कोणी विचारल्याचे दिसत नाही.

नोव्हेंबर 1884 मध्ये तो दार्जिलिंगला परतला. त्याला ना कोणते उपकरण चालवता येत होते ना टिपण ठेवता येत होते, म्हणून दोन वर्षांनी त्याने सारी हकिगत आठवणीतून सांगितली. ती एका लामाने उतरून घेतली, दुसऱ्याने तिचे इंग्रजी केले, आणि अधिकाऱ्यांनी ती संपादून छापली. या हातांमधून जाताना दोन वेगळ्या जागा एक झाल्या. पेमाकोचुंगजवळ नदीला एक लहान उडी आहे. उलट ग्यालासमोर एक ओढा उंच कड्यावरून पडतो आणि त्याच्या पाण्याच्या पडद्याआड शिंजे चोग्याल, म्हणजे तिबेटी यमधर्म, याची प्रतिमा आहे. ओढ्याची उंची आणि देवाचे नाव नदीला चिकटले. मराठी वाचकाला येथे गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ आठवावा: 1907 मध्ये चिंतामणराव वैद्यांनी तो बराच फेरफार करून छापला, पण मूळ हस्तलिखित टिकल्यामुळे 1966 मध्ये दत्तो वामन पोतदारांना खरी संहिता पुढे आणता आली. किंथुपजवळ दाखवायला हस्तलिखित नव्हते, आणि आपल्या नावावर काय छापले गेले हे त्याला वाचताही येत नव्हते. चूक करणारे साक्षर होते आणि बट्टा लागला निरक्षराला, हे या प्रकरणातील सर्वांत बोचणारे अंग आहे. साहसाची पुस्तके हौसेने वाचणाऱ्यांनी हकिगत कोणाची आणि लेखणी कोणाची, हे आधी तपासून घ्यावे.

1913 मध्ये फ्रेडरिक बेली आणि हेन्री मोर्सहेड हे दोघे अधिकारी घळईत शिरले, तेव्हा किंथुपचा अहवाल त्यांना गावागणिक, वळणागणिक पटत गेला. पेमाकोचुंगचा प्रपात मात्र अवघा 30 फुटांच्या आसपास भरला. पुढे 1998 मध्ये त्याच घळईत आणखी खाली सुमारे 108 फुटांचा धबधबा सापडला, तेव्हा किंथुपच खरा ठरला असे काहींना वाटले. पण त्याने न पाहिलेला धबधबा त्याच्या पदरात टाकणे हीही जुन्याच चुकीची पुनरावृत्ती होय.

खात्यावर सरसकट राग धरणेही पुरते न्याय्य नाही. मोजमाप नसलेली, दोन वर्षांनी आठवून सांगितलेली हकिगत नकाशावर पक्क्या रेषेने काढायला कोणताही जबाबदार मोजणीदार कचरलाच असता, आणि शंका असूनही ती छापली गेली म्हणूनच बेलीच्या हाती पडली. मात्र ही सबब 1913 नंतर उरत नाही. बेलीने शोध घेतला तेव्हा किंथुप दार्जिलिंगला शिंपीकाम करून पोट भरत होता. त्याला सिमल्याला बोलावण्यात आले, तेथे त्याने दोन धबधब्यांचा घोटाळा स्वतः उलगडून दाखवला, आणि त्याला निवृत्तिवेतन मिळावे म्हणून बेलीने खटपट केली. सरकारने ती मानली नाही, कारण माणूस नव्वदी ओलांडेपर्यंत जगला तर खर्च कुठवर जाईल याचा नेम नव्हता. त्याऐवजी एकरकमी 1,000 रुपये देऊन विषय मिटवण्यात आला. दार्जिलिंगला परतल्यावर थोड्याच महिन्यांत किंथुप वारला, म्हणजे निवृत्तिवेतन मंजूर झाले असते, तर ते बहुधा सरकारला स्वस्तच पडले असते.