साठ आमंत्रणे

आमच्या धाकट्या मुलाच्या बार मिट्झ्वाची आमंत्रणे आम्ही छापून घेतली नाहीत. घरीच, हाताने तयार केली. नातेवाइकांना ती आमची हौस वाटली. खरे कारण निराळे होते. मुलगा बोलताना अडखळतो, आणि त्याला सर्वांत अधिक अडवणारे अक्षर ‘ब’ हे आहे.

आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल. आमच्यात मुलगा हिब्रू पंचांगानुसार तेरा वर्षांचा झाला की त्याचा बार मिट्झ्वा होतो. ‘बार मिट्झ्वा’ म्हणजे आज्ञेचा पुत्र. त्या दिवसापासून धर्माज्ञा पाळण्याची जबाबदारी त्याची स्वतःची. सिनेगॉगमध्ये सर्वांसमोर त्याला तोरा वाचायची असते. तोराच्या गुंडाळीत ना स्वरचिन्हे असतात, ना चालीच्या खुणा. त्यामुळे उच्चार आणि चाल दोन्ही आधीच मुखोद्गत करावी लागतात.

या वाचनाचे त्याला भय नव्हते. चालीवर म्हणताना तो क्वचितच अडखळतो. अडखळणाऱ्या पुष्कळ मुलांचा असाच अनुभव असतो, असे वाचा-उपचारतज्ज्ञांनी आम्हाला सांगितले होते. भय होते ते वाचनानंतरच्या आभाराच्या चार वाक्यांचे, आणि ती ऐकणाऱ्या गर्दीचे. आम्ही उत्साहाने दोनशे नावांची यादी केली आणि त्याच आठवड्यात त्याचे पोट दुखू लागले. डॉक्टरांना तपासणीत काही आढळले नाही. एके रात्री ती यादी हातात घेऊन तो माझ्याजवळ आला. एक वाक्य बोलायला त्याला बराच वेळ लागला. “यातली निम्मी माणसं मला ओळखतच नाहीत.”

ती यादी वस्तुतः आमच्या प्रतिष्ठेची होती. आम्ही ती फाडली आणि एक नियम ठरवला : ज्याचे आमंत्रण तो स्वतःच्या हाताने लिहील, त्यालाच बोलवायचे. त्याने साठ नावे निवडली. समारंभही शनिवारऐवजी गुरुवारी सकाळी ठेवला. सोमवारी आणि गुरुवारीही तोरा वाचली जाते, पण ते वाचन शनिवारच्या मानाने पुष्कळ लहान असते.

पुण्याहून हातकागद आणला. तिरकस टोकाचा बोरू केला. हिब्रू आणि देवनागरी, दोन्ही लिप्यांना तो चालतो. खरी अडचण पुढेच होती. हिब्रू उजवीकडून लिहितात, मराठी डावीकडून. मग कागद उघडायचा कोणीकडून? आजीने 1874 साली पुण्यात छापलेल्या हग्गादाची प्रतिकृती काढून दाखवली. वल्हांडणाच्या रात्री वाचायच्या त्या पुस्तकात हिब्रूबरोबर मराठी भाषांतर आहे आणि साड्या नेसलेल्या आमच्या बायका बिनखमिराची भाकरी करताना चितारल्या आहेत. दोन्ही भाषा एकत्र नांदू शकतात, एवढा धीर त्यातून मिळाला. अखेर त्याने कागदाच्या दोन्ही कडा मध्यापर्यंत दुमडल्या : उजवे दार हिब्रूचे, डावे मराठीचे. देवाचे नाव असलेला कागद फेकून द्यायचा नसतो, म्हणून मजकुरात ते कोठेही येऊ दिले नाही.

रोज संध्याकाळी पाच आमंत्रणे होत. शुक्रवारी सूर्यास्ताला बोरू खाली ठेवावा लागे. शब्बाथला लिहिणे निषिद्ध. प्रत्येक नावाबरोबर तो त्या माणसाविषयी काहीतरी आठवून सांगे. लिहिताना हात गुंतलेले असत, नजर कागदावर असे, आणि बोलणे सैल होई. कोठे शाई सांडली, कोठे रेघ वाकडी गेली. वाकडी रेघ गेलेली आमंत्रणे मी बाजूला काढू लागले, तर त्याने ती परत घेतली.

पोहोचवायलाही तोच गेला. पहिल्या काही दारांत तो नुसताच कागद पुढे करी. पण शेजारच्या काकूंनी विचारले, “म्हणजे मुंजीसारखंच का रे?” उत्तर देणे भाग पडले. जिन्यात उभी राहून मी ऐकत होते. तो ‘ब’वर अडला, थांबला, श्वास घेतला आणि पुढे गेला. काकूही थांबल्या. त्या आठवड्यात तो शब्द त्याने कितीतरी दारांत उच्चारला.

गुरुवारी डाव्या दंडावर आणि कपाळावर तेफिलीन बांधून त्याने चालीवर वाचले; कोठेही खंड पडला नाही. आभार मानताना मात्र ‘बाबा’ या शब्दापाशी तो थबकला. साठ माणसे स्तब्ध बसली होती. कोणी तो शब्द पुरवला नाही, कोणी मान खाली घातली नाही. त्याला हवा होता तेवढा वेळ त्याने घेतला. संध्याकाळी एलियाहू हनाबीच्या नावाने मलिदा केला. गूळ-खोबरे घातलेले पोहे आणि फळे त्याने स्वतः वाटली.

त्याचे अडखळणे आजही आहे. उपचार चालू आहेत. त्यांची जागा कागद आणि शाई घेऊ शकत नाहीत, असे आम्हाला वाटतही नाही. पोटदुखी मात्र परत आली नाही. परवा दुकानातून काही आणायचे होते. मी सवयीने फोन उचलला, तर त्याने तो माझ्या हातातून घेतला. ‘बटाटे’ म्हणायला त्याला थोडा वेळ लागला. मी भाजी चिरत राहिले.