एक फेज गेलीय

ट्रिगर दाबला की गाडी पुढे जायच्या ऐवजी जागेवरच थरथरायची. हळू दाबला तर चारही चाकं दोन इंच पुढे, दोन इंच मागे. जोरात दाबला तर एक गचका आणि मग कर्रर्र आवाज, कुणीतरी झोपेत दात खावेत तसा. मागच्या वर्षी दसऱ्याच्या आसपास हे सुरू झालं.

तीन आठवडे मी त्यावर घालवले. मी सॉफ्टवेअरवाला. बिघाड म्हटलं की माझा हात आधी सेटिंगकडे जातो. बॅटरी आणि मोटार यांच्या मधे ईएससी नावाची एक डबी असते, मोटारला किती आणि कसा करंट सोडायचा ते ती ठरवते. तिचं टायमिंग बदललं, पिकअप कमी केला, रिमोट पुन्हा कॅलिब्रेट केला. कोणती सेटिंग केल्यावर काय झालं याची एक्सेल शीट केली. शीटमध्ये २९ ओळी झाल्या. शेवटी ईएससीच खराब आहे असा निकाल देऊन नवीन मागवला. दिवाळीला लातूरला निघालो तेव्हा तो कुठल्यातरी गोदामात अडकलेला होता. मग गाडीच सॅकमध्ये टाकली आणि एसटीत बसलो.

गाडी म्हणजे रिमोटवरची, खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची ऑफ-रोड बगी. चारही चाकांना ताकद, चार ऑइल भरलेले शॉकअप, पुढे-मागे डिफरन्शियल, तीन सेलची लिपो बॅटरी. जत्रेत मिळते ती नव्हे, हे मला दर वेळी सांगावं लागतं. आणि सांगूनही समोरचा 'लहानपणी मिळाली नाही वाटतं' असं म्हणतोच. खरंय, मिळाली नाही. पण मिळाली असती तरी ती दोन दिवसांत बंद पडून माळ्यावर गेली असती. ही बंद पडली की उघडता येते, मला तिची ओढ त्यामुळेच आहे.

या छंदाची सुरुवातच तशी आहे. जपानच्या तामिया कंपनीने १९७९ मध्ये रफ रायडर आणि सँड स्कॉर्चर या बगी काढल्या, १९८४ मध्ये अमेरिकेत टीम असोसिएटेडची आरसी१० आली. या गाड्या खोक्यात सुट्या भागांच्या रूपात यायच्या. स्क्रू, शाफ्ट, गिअर, सगळं आपण जोडायचं. ज्याने जोडली त्याला ती दुरुस्त करता येणारच. आपल्याकडे बहुतेक तयार गाडी येते, आणि तुटली की पार्ट शोधण्याचा खेळ सुरू होतो. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं, २०२३ मध्ये ७०. देशी खेळण्यांसाठी ते चांगलंच असेल, माझी तक्रार नाही. पण अडीच इंचाच्या प्लास्टिकच्या सस्पेन्शन आर्मसाठी महिनाभर वाट बघताना माणूस थोडा देशद्रोही विचार करतो.

मी नांदेडला राहतो. इथेच विष्णुपुरीला इंजिनिअरिंग केलं, मग पुणे, मग २०२० मध्ये लॅपटॉप घेऊन परत. बायको इथल्या बँकेत आहे, माझी कंपनी अजून घरूनच काम करू देते. तरोड्याच्या पुढे लेआउट पाडून ठेवलेले, दगड रोवलेले आणि कुणीच न बांधलेले प्लॉट आहेत. सूर्य कलला की मी तिथे.

युट्यूबवर जे लोक गाड्या उडवतात त्यांची माती वेगळी असते. आपली काळी. मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की पुढचं चाक सरळ आत जातं. गाडी तिशीच्या वेगात असते, चाक भेगेत, गाडी हवेत, आर्म दोन तुकडे. वरच्या थराची धूळ टाल्कम पावडरसारखी. ती बेअरिंगच्या रबरी सीलमधूनसुद्धा शिरते. आणि जुलैत हीच माती चाकाला चिकटायला लागते. एका फेरीत चाकाची भाकरी होते, दोन फेऱ्यांत भाकरीचा दगड. गाडीचं वजन वाढतं, मोटार तेवढीच, मग ती तापते. पहिल्या पावसाळ्यात मी हट्टाने चिखलात चालवली आणि मोटारीला बोट लावून पोळून घेतलं.

औसा तालुक्यात मामांचं शेत आहे. तिथे एकदा गाडी नेली तर मामा बांधावर उभे राहून पाच मिनिटं बघत राहिले. म्हणाले, "वाफसा तरी येऊ दे की रे. आम्ही बैल घालत नाही अशा रानात, तू हे घालायलास." वाफसा म्हणजे पाऊस उघडल्यावर जमीन ना चिखल ना कोरडी, पाय ठेवला तर दबते पण चिकटत नाही, ती वेळ. टायरच्या कंपाउंडवर मी दोन रात्री वाचत बसलो होतो. उत्तर मामांच्या एका शब्दात होतं. तेव्हापासून मी ऑक्टोबरची वाट बघतो. सोयाबीन निघालेलं असतं, ओल असते, धूळ बसलेली असते. फक्त धसकटं सांभाळायची.

अर्धा तास गाडी चालवली की दीड तास साफसफाई. रंगाच्या जुन्या ब्रशने माती झाडायची, ओली असेल तर वाळू द्यायची, पाण्याचा पाइप मारायचा नाही. बेअरिंग काढून बोटावर फिरवून बघायची. खरखरली की रॉकेल, मग कोरडी करून मशिनच्या तेलाचा एकच थेंब, जास्त तेल म्हणजे धुळीला आमंत्रण. मोटारीचा छोटा गिअर आणि मोठा गिअर यांच्यातली फट नीट हवी. घट्ट बसले तर मोटार तापते, सैल बसले तर दात जातात. त्यासाठी दोघांच्या मधे वहीच्या कागदाची पट्टी घालायची, दाबून स्क्रू कसायचे आणि पट्टी फिरवून काढून घ्यायची. कागदावर दातांची नक्षी उमटली पण कागद फाटला नाही, की झालं.

बॅटरीशी मात्र मस्करी नाही. एक सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. ३.३ च्या आसपास थांबायचं, ३ च्या खाली गेला तर त्याचं आयुष्य गेलं. चालवायची नसेल तर ३.८ ला आणून ठेवायची. भरलेली बॅटरी मे महिन्यात पत्र्याखाली ठेवली तर ती फुगते. माझी एक फुगली, पुरीसारखी टम्म. लिपोची आग विझवायला अवघड, म्हणून आता बॅटऱ्या गॅलरीत मातीच्या कुंडीत असतात. बायकोला तिथे मोगरा लावायचा होता.

लातूरला औसा रोडच्या आत एका गल्लीत अप्पांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. बोअरच्या सबमर्सिबल मोटारी, विहिरीवरच्या मोनोब्लॉक, क्वचित पिठाच्या गिरणीची. जळालेली मोटार येते, तांब्याची जुनी तार उपसून काढतात, नवी भरतात. मी त्या दुकानाच्या वरच्या खोलीत वाढलो आणि मला ते काम येत नाही. येऊ दिलं नाही. आठवीनवीत खाली जाऊन बसलो तर अप्पा एवढंच म्हणायचे, "वर जा. हात काळे करू नको." दहावीनंतर तर विषयच नव्हता. आपण लातूरचे, घरापासून दहा मिनिटांवर ज्या क्लासेससाठी अख्ख्या राज्यातून पोरं येतात ते क्लासेस. सकाळी सहाला बाहेर, रात्री नऊला घरी. येताना दुकानात दिवा असायचा, वार्निशचा वास यायचा. मी सरळ जिना चढायचो.

२०१६ साली मी नांदेडला फर्स्ट इयरला होतो. १२ एप्रिलला मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. होस्टेलवर सगळे मला ती बातमी दाखवायचे, जणू मीच बोलावली होती. त्या उन्हाळ्यात घरी गेलो तर दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. बोअरचं पाणी खाली गेलं, मोटारी कोरड्या फिरल्या आणि जळल्या. मला वाटलं धंदा जोरात आहे. आई म्हणाली, भरून ठेवल्यात, न्यायलाच कुणी येत नाही. बोअरला पाणीच नाही तर मोटार नेऊन करायचं काय, आणि मजुरी द्यायची कशातून? त्यातल्या चार-पाच अजून मागच्या भिंतीला उभ्या आहेत. अप्पा प्रत्येक मोटारीला पुठ्ठ्याचा तुकडा तारेने बांधतात. नाव, गाव, एचपी, तक्रार. शाई उडालीय, पण गावं वाचता येतात.

तर दिवाळीला मी गाडी घेऊन दुकानात गेलो ते फक्त टेबल मोठं आहे म्हणून. अप्पा एका स्टेटरमधून जुनी तार ओढत होते, माझ्याकडे पाठ होती. मी बॅटरी लावली आणि ट्रिगर दाबला. कर्रर्र.

"पुन्हा कर," अप्पा वळले नाहीत.

कर्रर्र.

"एक फेज गेलीय हिची."

मी हसलो. "अप्पा, ही बॅटरीवर चालते. डीसी. हिला फेज कुठली?"

"मोटारीला वायरी किती हायत?"

"तीन."

"मग?"

मी ईएनटीसीचा इंजिनिअर. ब्रशलेस मोटारवर मी परीक्षेत आकृतीसकट उत्तर लिहिलेलं आहे. नाव डीसी असलं तरी आत तीन फेजचं वाइंडिंग असतं, मधे चुंबकाचा रोटर, आणि ईएससी बॅटरीच्या डीसीचे तुकडे करून तीन वायरींना पाळीपाळीने करंट देतो. हे सगळं मला माहीत होतं. २९ ओळींच्या शीटमध्ये ते कुठेच नव्हतं.

अप्पांनी हात पुसले, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि मोटार तळहातावर धरली. अंगठ्याएवढ्या जाडीची. "हे तर आपल्याच मोटारीचं पिल्लू हाय की. दोन वायरी बदलल्या तर उलटी फिरत असंल." फिरते. मला ते फोरमवर वाचून कळलं होतं. शेतकऱ्याची मोटार उलटी फिरायला लागली की अप्पा फोनवरून गेली तीस वर्षं हेच सांगतायत.

मग त्यांनी एकेक वायर चिमटीत धरून हळूच ओढली. तिसरी, निळी, कनेक्टरच्या तोंडाशी हलली. वरचं प्लास्टिकचं कव्हर ब्लेडने चिरलं. आतलं सोल्डर तडकलं होतं, तार नुसती टेकून उभी होती. वेलकम टू माय तीन आठवडे. त्यांनी जुनं सोल्डर काढलं, तार खरवडून चकचकीत केली आणि त्यांच्या त्या अवजड सोल्डरिंग गनने दोन सेकंदांत टाका मारला. गाडी टेबलावरून पळून भिंतीला धडकली. मी ओरडलो. ते हसले नाहीत. मोटार नाकाशी नेऊन वास घेत होते.

"किती दिवस चालवलास अशी?"

"चालत नव्हतीच ना. नुसतं टेस्ट करत होतो."

"म्हणजे रोज."

"रोज."

ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मामांच्या रानात, वाफसा असलेल्या मातीत, अगदी जसं हवं तशा दिवशी गाडी दहा मिनिटं पळाली. मग वेग कमी झाला, मग मोटारीतून धुराची एक बारीक रेघ निघाली. तो वास मी ओळखला. लहानपणी जिना चढताना यायचा त्याच्या अलीकडचा, वार्निश लावण्याआधीचा, जळक्या मोटारीचा.

संध्याकाळी दुकानात गेलो तेव्हा अप्पांना आश्चर्य वाटलं नाही. एक फेज गेली की उरलेल्या दोन वायरींवर सगळा भार येतो, मोटार फिरत नाही, नुसती गुरगुरते आणि तापते. रात्री लाइट दोनच फेजवर असते तेव्हा पाण्यासाठी लोक मोटारी अशाच चालवतात आणि मग इथे आणतात. अप्पा त्यांना काय काय बोलतात ते मी वरच्या खोलीतून ऐकत आलोय. मला ते तसलं काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

"नवी घेतो," मी म्हणालो.

"उघडती का ही?"

चार स्क्रू. मी उघडली. रोटर बाहेर काढला. त्यांनी मोबाइलचा टॉर्च आत मारला. बोअरच्या मोटारीसारखंच, खाचा आतल्या बाजूने. सबमर्सिबल मोटार अशीच भरतात, तारेचं टोक या तोंडातून घालून त्या तोंडातून ओढत, एकेक वेढा मोजत. फक्त तिथे हात आत जातो. इथे त्यांची करंगळीसुद्धा जात नव्हती. एका बाजूची तार काळी पडली होती. त्यांनी टॉर्चखाली वेढे मोजायला सुरुवात केली, मधेच चुकले, परत पहिल्यापासून मोजले. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, ऑपरेशन संक्रांतीनंतर ठरलंय.

"इतकी बारीक तार माझ्याकडं नाही," ते म्हणाले. "बघावं लागंल."

"नाही झालं तरी चालेल, अप्पा."

त्यांनी ड्रॉवरमधून पुठ्ठा काढला, कात्रीने तुकडा केला आणि कानामागचा पेन घेतला. माझं नाव लिहिलं, आडनावासकट. मग थांबले.

"गाव काय लिहू?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी 'नांदेड' लिहिलं. एचपीच्या जागी रेघ मारली. तक्रारीच्या जागी लिहिलं, 'दोन फेजवर चालवली'. तुकडा तारेने मोटारीला बांधला तर मोटारीपेक्षा पुठ्ठाच मोठा दिसत होता. त्यांनी ती मागे भिंतीशी नेली नाही, समोरच्या फळीवर ठेवली, वार्निशच्या डब्याशेजारी.

"भरताना मी येऊ का बघायला?" मी विचारलं.

अप्पा पुन्हा त्या स्टेटरकडे वळले होते. "रविवारी सकाळी ये," ते म्हणाले. "दुपारी लाइट जाते."