पंगतीचं बटण

लग्नाचं चित्रण सात-आठ तासांचं असतं आणि ते बघणाऱ्यांचा धीर फार तर अर्ध्या तासाचा. डिस्कवर मेन्यू लागतो तो यासाठी. व्हीएचएसच्या काळात मंगलाष्टकांपर्यंत पोचायचं तर आधी बँडवाले, मग सनईच्या सुरावर गरगर फिरणारा गुलाब, मग सीमांतपूजनातले आहेर, हे सगळं पळवत जावं लागे. पुढे डीव्हीडी आली आणि गावोगावच्या स्टुडिओंनी बदामाच्या चौकटीत वधूवर बसवून खाली तीन बटणं दिली. त्या बदामांबद्दल मी काही बोलणार नाही. आमच्या कपाटातही तशा दोन-तीन डिस्क आहेत.

ब्लू-रे बाजारात आली २००६ साली. घरच्या कार्याच्या डिस्क आपणच कराव्यात हा नाद मला तिच्यामुळे लागला. आपल्याकडच्या डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, हाय डेफिनिशनचं १९२० बाय १०८०. गुणाकार करून पाहा, बरोबर पाचपट भरतं. तबकडी तेवढीच, बारा सेंटिमीटरची. बदलला तो लेसर. डीव्हीडीचा लाल, ६५० नॅनोमीटरचा. हा निळा-जांभळा, ४०५चा. किरण जितका बारीक तितकं लिखाण बारीक, म्हणून ४.७ गिगाबाईटच्या जागी २५ आणि दोन थरांच्या डिस्कवर ५०. चांगल्या प्रतीचं, सेकंदाला २४ मेगाबिटचं चित्रण घेतलं तरी एका थरावर सव्वादोन तास आरामात बसतं. लग्नाला तेवढं पुष्कळ झालं.

पाचपट म्हणजे काय ते पैठणीवर कळतं. डीव्हीडीत काठाची जर नुसती वळवळायची. आता पदरावरच्या मोराची चोच दिसते. पण माझं लक्ष गेलं ते नवरीच्या खांद्यामागे. तिसऱ्या रांगेत मुठीत अक्षता धरून जांभई देणारे काका. रिकाम्या खुर्चीवर जागा अडवायला ठेवलेली पर्स. वर्षानुवर्षं अबोला असलेल्या दोन जावा, नेमक्या शेजारी बसलेल्या, दोघींची तोंडं दोन दिशांना. जुन्या कॅसेटमध्ये ही मंडळी म्हणजे पुसट गुलाबी डाग होती. आता प्रत्येकाला चेहरा आला, आणि त्यांचं करायचं काय हा प्रश्नही आला.

कारण मेन्यूत बटणं मोजकीच मावतात. टीव्ही कडांचा थोडा भाग खातो, म्हणून चारी बाजूंनी जागा सोडायची. उरलेल्या जागेत सहा-सात नावं, तीही लांबच्या सोफ्यावरून वाचता येतील अशा टायपात. मी अडोबीचं एन्कोअर वापरायचे. त्याची शेवटची आवृत्ती सीएस सिक्सबरोबर आली आणि ते बंद पडलं. मराठी टाइप करायला गेलं की अशा प्रोग्रॅमांत वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसायची नि जोडाक्षरांचे पाय मोडायचे. म्हणून ‘सप्तपदी’ दुसरीकडे लिहून तिचं चित्र करायचं आणि ते इथं आणून चिकटवायचं. एकेका बटणाची तीन रूपं: नुसतं असलेलं, निवडलेलं, दाबलेलं. निवडलेल्याला मी हळदीचा रंग द्यायची. मग शेजार ठरवायचा. ‘कन्यादान’वर असताना रिमोटचा उजवा बाण दाबला तर कुठं जायचं, खालचा दाबला तर कुठं, आणि प्रकरण संपल्यावर पुन्हा मेन्यूवर यायचं की पुढचं सुरू करायचं. हे सांगायचं राहिलं तर शेवटची चौकट दाखवून पडदा काळा होतो आणि घरातले म्हणतात, डिस्क खराब निघाली.

यात कॅमेऱ्याचा एक खोडसाळपणा असतो. मेमरी कार्डावर एका फाइलला चार गिगाबाईटची मर्यादा, म्हणजे बावीसेक मिनिटं झाली की कॅमेरा न विचारता नवी फाइल उघडतो. त्याला मुहूर्ताशी देणंघेणं नाही. मंगलाष्टकाच्या ऐन शेवटच्या चरणात सांधा येतो. दोन्ही तुकडे कॅमेऱ्याच्याच सॉफ्टवेअरमधून जोडून घेतले तर ठीक. नुसते एकापुढे एक ठेवले तर भटजींचा आवाज क्षणभर गिळला जातो, आणि तेवढंच नेमकं सगळ्यांच्या कानात राहतं.

इतकं करून पहिली डिस्क घरात लावली तेव्हा मेन्यूत सगळे विधी क्रमानं होते: हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टकं, कन्यादान, सप्तपदी, पाठवणी. पंचांगकर्त्यानं मान डोलावली असती. आत्यानं रिमोट हातात घेतला, बाण खालीवर केला आणि म्हणाली, “अगं, पंगत कुठंय?”

पंगत नव्हती. म्हणजे चित्रणात होती, ‘सप्तपदी’च्या पोटात कुठंतरी. पण आत्याला जिलबी वाढणारे तिचे भाऊ बघायचे होते, आईला तिची मामी, आणि आजीला एकूणच कोण कोण जेवायला बसलं होतं ते. सप्तपदी सगळ्यांचीच सारखी, ती एकदा बघून होते. पंगतीत मात्र आग्रह होतो, उखाणे अडतात, कुणीतरी मठ्ठ्याची वाटी सांडतं, आणि माणूस कॅमेरा विसरतो.

तेव्हापासून माझ्या मेन्यूंना शिस्त राहिली नाही. विधींना एक बटण, सगळ्यांना मिळून. उरलेली ‘पंगत’, ‘मंडपाच्या मागे’, ‘पोरंटोरं’, ‘उशिरा आलेले’. भटजींना हे दाखवायचं धाडस मी केलेलं नाही. ब्लू-रेची एक सोय इथं फार उपयोगी पडते: डीव्हीडीत मेन्यूवर यायचं तर चालू चित्र सोडावं लागतं, इथं चालत्या चित्रावरच मेन्यू उघडता येतो. मंगलाष्टकं चालू असताना खालच्या पट्टीत बटणं येतात आणि आजी, अक्षता पडायच्या आतच, जेवायला निघून जाते. कॅमेरावाल्यालाही आता मी आधीच बजावते: पंगतीत घास तोंडाजवळ नेलेला माणूस टिपू नकोस, वाढणाऱ्याचे हात घे.

भाचे म्हणतात, पेन ड्राइव्हवर देऊन टाक ना. त्यांचं खोटं नाही. नव्या लॅपटॉपना डिस्कची खाच नसते, आणि सोनीनं तर २०२५च्या फेब्रुवारीत कोऱ्या ब्लू-रे काढणंच थांबवलं. पण पेन ड्राइव्ह उघडला की समोर येतात नुसते आकडे, शून्यांनी सुरू होणाऱ्या फायली. त्यातल्या कुठल्या फाइलमध्ये मामी आहे हे कुणी सांगावं? म्हणून मी कोऱ्या डिस्कचा एक डबा घेऊन ठेवला आहे. सध्या भाच्याच्या मुंजीचं काम चालू आहे. मातृभोजन मेन्यूत वर घेतलं आहे, त्याबद्दल वाद नाही. भिक्षावळीचं मात्र अडलं आहे: बटणावर कुणाचा लाडू दिसावा यावर दोन्ही आज्यांचं अजून एकमत झालेलं नाही, आणि दोघी रोज फोन करतात.