पाषाणांच्या मुलखात : अवसरी खुर्दचा मुक्काम

मंगळवार, २५ फेब्रुवारी २०२५

मागील हप्ता भीमेच्या काठी राजगुरुनगरास थांबला होता. तेथून पेठ मागे टाकून अवसरीचा घाट ओलांडला, आणि डिंभे धरणाच्या कालव्यांनी ज्याचा कायापालट केला तो आंबेगावचा बागायती मुलूख उसाचे फड, कांद्याचे वाफे व मधूनच धूळ उडविणारा एखादा खडी क्रशर घेऊन सामोरा आला. अवसरी खुर्द येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात माझा भाचा शिकतो आणि गावातील एका वृद्ध बागायतदाराच्या माडीवर खोली घेऊन राहतो. या बागायतदारांना लहानथोर सारे तात्या म्हणतात. आमचाही मुक्काम त्याच माडीवर पडला.

दिवसा हा तालुका पाहावा आणि रात्री भाच्याच्या संगणकावर दुसरा प्रवास करावा, असा संकल्प करूनच मी निघालो होतो. या दुसऱ्या प्रवासाचे वाहन म्हणजे ‘एलिट डेंजरस’ नावाचा खेळ. केंब्रिजच्या डेव्हिड ब्रेबेन व इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी १९८४ साली बीबीसी मायक्रो नामक लहानशा संगणकासाठी जो ‘एलिट’ रचला, त्याचाच हा २०१४ अखेरीस प्रकट झालेला विस्तीर्ण अवतार असून, त्यात आपली आकाशगंगा, सुमारे चाळीस हजार कोटी ताऱ्यांसह, खऱ्या अंतरांच्या प्रमाणात मांडलेली आहे. तीत मनुष्याने योद्धा व्हावे, व्यापारी व्हावे, उतारूंची ने-आण करावी किंवा ग्रहांभोवतीच्या कड्यांतले पाषाण फोडून खनिजे विकावीत. रक्तपाताची हौस नाही आणि व्यापारास भांडवल नाही, अशा माणसाला चौथा मार्ग निरुपद्रवी वाटावा, यात नवल नाही.

परंतु पाषाणापर्यंत पोहोचण्याआधी कचेरी लागते. स्थानकापासून साडेसात किलोमीटरच्या आत आल्यावाचून उतरण्याची परवानगी मागताच येत नाही. परवानगी मिळाली तरी नेमून दिलेल्या क्रमांकाच्या धक्क्यावरच उतरावे लागते. आणि प्रवेशद्वाराजवळ सेकंदास शंभर मीटरांपेक्षा अधिक वेगाने जाताना दुसऱ्या यानास धक्का लागला, तर कसूर आपल्या माथी बसून दंड आकारला जातो. दूरच्या ग्रहाकडे जाताना गणित उलट होते. तेथे वेग वाढविणे सोपे, तो वेळेवर आवरणे कठीण. पोहोचण्यास सात सेकंद उरल्याचे दर्शक दाखवीत राहील इतकाच वेग राखावा, हे सूत्र भाच्याने सांगितले खरे, तथापि ते हाताच्या बोटांत उतरेपर्यंत ग्रह पुनःपुन्हा मागे पडत होता, आणि भाचा मोठ्या आदराने, पण हसू दाबीत, म्हणत होता, “मामा, वळवा परत.”

बुधवार, २६ फेब्रुवारी

आज महाशिवरात्र. मंचरहून घोडेगावमार्गे भीमाशंकराकडे जाणारी वाहने पहाटेपासून वाहत होती. त्या गर्दीत शिरण्याचे धैर्य न झाल्याने रताळी व शेंगदाण्याची आमटी यांवर उपवास साजरा करून आम्ही दुपारीच कड्यांच्या मुलखात उतरलो.

येथील खाणकामाचा शिरस्ता नवख्यास प्रथमदर्शनी उमगत नाही, कारण लेझरने पाषाण फोडणे हा त्यातील सर्वांत क्षुल्लक भाग आहे. यानात खनिज शुद्ध करणारे यंत्र नसेल, तर फोडलेला एकही तुकडा कोठारात येत नाही. ते यंत्र असले तरी पाषाणाच्या पोटात काय आहे हे कळण्यासाठी लिंपेट नावाचे शोधक यंत्र त्यावर सोडावे लागते. तुकडे गोळा करण्यासाठी संग्राहक जातीची निराळी लिंपेटे लागतात. आणि ही सर्व लिंपेटे, वापरेपर्यंत, कोठारातील एकेक टन जागा अडवून बसतात. म्हणजे लिंपेटांनी कोठार भरावे तर मालास जागा नाही, आणि मालासाठी जागा ठेवावी तर माल आणणारे कोणी नाही. पहिल्या लहानशा यानात तर चार टन जागेचा प्रश्न. तेथे हा पेच प्रहसनाच्या पातळीवर जातो.

शोधकाने पाठविलेला अहवाल वाचण्याची उत्सुकता मात्र विलक्षण असते. किती प्रकाशवर्षे ओलांडून आलो, ग्रहाचे कडे क्षितिजापर्यंत पसरले आहे, निळसर अंधारात पाषाण संथपणे फिरत आहेत, आणि अहवालात काय, तर बॉक्साइट! जे आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातील पठारांवरून वर्षानुवर्षे ट्रकांनी खाली येत आले, त्याच्यासाठी एवढी पायपीट करावयाची, हा विचार खिन्न करणारा होता. धातुमय कड्यांत पेनाइट मिळते असे समजले. हे नाव कल्पित नव्हे: ब्रह्मदेशातील मोगोकच्या रत्नभूमीत गेल्या शतकाच्या मध्यास सापडलेले हे खनिज आर्थर पेन या इंग्रज रत्नसंग्राहकाच्या नावाने ओळखले जाते, आणि पृथ्वीवर त्याची स्फटिके दीर्घकाळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच ज्ञात होती. खेळातील नवख्याच्या दृष्टीनेही ती संख्या फारशी वाढलेली नाही.

तुकडा आत आला म्हणजे माल झाला, असेही नव्हे. प्रत्येक तुकडा टनाचा एक अंश. एकाच खनिजाचे अंश मिळून पूर्ण टन भरला, तरच त्याची कोठारात नोंद होते, तोवर तो शुद्धियंत्राच्या एका कप्प्यात पडून राहतो. कप्पे मोजके. ते हलक्या खनिजांनी अर्धवट भरले असता मोलाचा तुकडा आला, तर तो दाराबाहेर ताटकळतो आणि आपण आतले काही अवकाशात सोडून द्यावयाचे ठरवितो. खड्यांच्या राशीतून धान्य निवडावे, तशी ही निवड; आणि तिच्यात मन गुंतले असता लेझर तापतो, संग्राहक लिंपेटे एकमेकांवर वा यानाच्या पाठीवर आपटून नष्ट होतात, आणि उघडे ठेवावयाचे कोठाराचे दार बंद असल्याचे पुष्कळ उशिरा ध्यानात येते.

कोठार रिकामे असताना आम्हांस तपासून तुच्छतेने निघून गेलेला दरोडेखोर, कोठारात काही जमताच, नेमका परतला. त्याच्याशी काय करावे याचा निर्णय होण्याआधीच वीज गेली. हा खेळ आंतरजालावाचून चालत नाही. दीड तासाने दिवे आले तेव्हा दरोडेखोर नव्हता हे खरे, परंतु अवकाशात सोडलेली लिंपेटे नव्हती आणि फोडून ठेवलेले तुकडेही नव्हते. खाली अंगणात तात्या बॅटरी व काठी घेऊन उसाला पाणी द्यावयास निघाले होते. या भागात बिबट्याचा वावर आहे. रात्रीच्या पाण्यास एकट्याने जाणे म्हणजे काय, हे जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्यास समजावून सांगावे लागत नाही. दरोडेखोराविषयीची आमची तक्रार त्यांच्यापुढे मांडण्याचा धीर झाला नाही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

आज पहाटे, भारतीय वेळेनुसार पावणेसहाच्या सुमारास, फ्लोरिडाहून उडालेल्या अग्निबाणातून चंद्राकडे जाणाऱ्या एका यानासोबत ‘ओडिन’ नावाचे छोटे यानही गेले. ॲस्ट्रोफोर्ज या कॅलिफोर्नियातील खाजगी कंपनीने ते ‘२०२२ ओबी५’ या लघुग्रहाजवळून जाऊन त्यात मौल्यवान धातू आहेत की नाही हे पाहण्यासाठी बांधले आहे. खेळातील भाषेत सांगावयाचे, तर हे केवळ शोधक लिंपेट. (हा हप्ता छापावयास देताना जोडलेली पुरवणी: उड्डाणानंतर यानाशी नीट संपर्क जुळला नाही, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात कंपनीने तो पुन्हा मिळण्याची आशा जवळजवळ सोडल्याचे जाहीर केले.)

या वृत्तामुळे दिवसभर आमच्या माडीवर खऱ्या लघुग्रहांचीच चर्चा झाली, आणि कालच्या आपत्तींना जी प्रतिष्ठा प्राप्त झाली ती सुखद होती. जपानचे ‘हायाबुसा’ २००५ साली इतोकावा नामक लघुग्रहावर टेकले. पृष्ठभागावर गोळी झाडून उडालेले कण गोळा करावयाचे, अशी योजना होती, ती गोळी सुटलीच नाही. पुढे इंधन गळाले, यानाशी संपर्क कित्येक आठवडे तुटला. आणि तरीही ते २०१० मध्ये परतले तेव्हा कुपीत सुमारे दीड हजार सूक्ष्म कण निघाले. त्याच्या उत्तराधिकारी यानाने र्‍युगूवरून डिसेंबर २०२० मध्ये ५.४ ग्रॅम माती आणली. अमेरिकेच्या ‘ओसायरिस-रेक्स’ने ऑक्टोबर २०२० मध्ये बेन्नूवर हात टेकविला, तेव्हा वरचा थर इतका भुसभुशीत निघाला की हात आत रुतला, खडे दारात अडकून झाकण उघडे राहिले, आणि गोळा केलेला माल अवकाशात सांडू लागला. कोठाराच्या दाराची आमची फजिती याहून निराळी होती काय? सप्टेंबर २०२३ मध्ये कुपी यूटाच्या वाळवंटात सुखरूप उतरली, पण तिच्या पस्तीस खिळांपैकी दोन निघेनात. त्यांच्यासाठी खास हत्यारे घडविण्यात जानेवारी २०२४ उजाडला. वजन भरले १२१.६ ग्रॅम. या एका मोहिमेचा खर्च एक अब्ज डॉलरहून अधिक. आणि तिन्ही मोहिमांचा माल एकत्र केला, तरी आमच्या वाडवडिलांच्या मापाने तो दोन छटाकांहून थोडाच जास्त भरतो. खेळाचा टन हा त्या मानाने औदार्याचा कळस म्हटला पाहिजे.

सायंकाळी तात्या वर आले. पडद्यावरील पाषाणांकडे ते बराच वेळ पाहत राहिले आणि मग त्यांनी एकच प्रश्न केला: “पाहुणं, हितं रॉयल्टी कुणाला भरायची?”

या प्रश्नाने मला जो विचार करावयास लावला, तो कोणा खगोलशास्त्र्याच्या व्याख्यानानेही लावला नसता. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम ४८ अन्वये भूमीतील खनिजांचा हक्क शासनाकडे आहे. त्यामुळे घोडनदीतील वाळू असो वा टेकडीवरील मुरूम, गौण खनिज परवान्यावाचून उचलता येत नाही, स्वामित्वधन चुकवावे लागते, आणि न चुकविल्यास वाहन तहसील कचेरीत जप्त होऊन पडते. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९६७ साली, राष्ट्राराष्ट्रांमध्ये बाह्य अवकाशाविषयी जो करार झाला, त्याचे दुसरे कलम म्हणते की चंद्रावर किंवा कोणत्याही खगोलावर कोणत्याही राष्ट्राने स्वामित्व सांगू नये. जेथे धनीच नाही तेथे स्वामित्वधन कोणाचे? अमेरिकेने २०१५ मध्ये व लक्झेंबर्गने २०१७ मध्ये कायदे करून खगोल कोणाचा नसला तरी त्यातून काढलेला माल काढणाऱ्याचा, अशी वाट काढली. भारताने जून २०२३ मध्ये ज्या आर्टेमिस करारावर सही केली, त्याचाही कल याच बाजूस आहे. माझ्या मते हे उत्तर सोयीचे आहे, समाधानकारक नाही. तात्यांना मी ते सांगितले. ते म्हणाले, “म्हंजे ज्याचा जेसीबी मोठा, त्याचा डोंगर.” त्यावर आम्हां दोघांनाही काही बोलता आले नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

राष्ट्रीय विज्ञान दिन. या निमित्ताने खोडदची रेडिओ दुर्बीण सर्वसामान्यांस खुली करण्याचा शिरस्ता आहे, म्हणून मंचरहून नारायणगाव व तेथून खोडद असे गेलो. शाळांच्या सहली, विद्यार्थ्यांची प्रतिरूपे, ऊन आणि धूळ. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यांपैकी चौदा मध्यभागी एकवटलेल्या व बाकीच्या तीन बाहूंवर दूरवर विखुरलेल्या. गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेने पोलादी दोरांवर ताणलेली त्यांची जाळी इतकी विरळ की तिच्यातून पलीकडचे आकाश दिसते.

ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचे ‘शियापारेली’ यान मंगळावर उतरत असता त्याचा अत्यंत क्षीण संदेश याच तबकड्यांनी टिपला होता, आणि उतरण्याच्या थोडे आधी तो तुटल्याचेही प्रथम येथेच कळले. यान आदळून नष्ट झाले होते. म्हणजे नवशिक्याच नव्हे, निष्णातही अखेरच्या क्षणी वेग आवरू शकत नाहीत, असे म्हणून मी भाच्याकडे पाहिले. तो तबकडीकडे पाहत होता.

शनिवार, १ मार्च

आज माल विकला. कड्याची आधी तपासणी करून, खनिज कोठे दाट आहे ते पाहून, निम्मे कोठार लिंपेटांस देऊन जे काही गोळा झाले होते, ते घेऊन आम्ही जवळच्या स्थानकावर रुजू झालो. तेथे त्या खनिजाला भावच नव्हता. दुसऱ्या स्थानकावर भाव होता, पण मागणी अल्प; आणि मागणीच्या मानाने एकदम पुष्कळ माल ओतला की दर घसरतो, हे विक्रीचे बटण दाबल्यावर कळले. भाचा अस्वस्थ झाला. माझ्याप्रमाणे त्याचीही या विषयात गती नव्हती, हे तेव्हा उघड झाले.

तात्या मात्र येथे प्रथमच घरच्यासारखे वावरू लागले. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटचे आणि मंचरच्या बाजार समितीत बटाट्याचे जे होते, तेच येथे होत असल्याचे त्यांनी क्षणात ओळखले. आवक वाढली की भाव पडावयाचाच, यात त्यांना रागावण्यासारखे काही दिसेना. त्यांनी पडद्यावरील दरांचे कोष्टक भाच्याकडून वाचून घेतले, कोणता बाजार किती लांब ते विचारले, निम्मा माल येथे व निम्मा पुढच्या ठिकाणी विकावयास सांगितले आणि भाच्याला विचारले, “भाव बघूनच निघाला न्हवता व्हय रे?” हिशेब लागला. यानाच्या विम्याची रक्कम, म्हणजे यान नष्ट झाल्यास ते परत मिळविण्यासाठी लागणारा किमतीचा पाच टक्के भाग, बाजूस काढूनही चार पैसे शिल्लक राहिले.

ज्या वाचकांस हा उद्योग आरंभावयाचा असेल, त्यांनी प्रथम शुद्धियंत्र घ्यावे, शोधक लिंपेटांत काटकसर करू नये, विम्याइतकी शिल्लक असल्यावाचून स्थानक सोडू नये, आणि पाषाण फोडण्याआधी बाजार पाहावा. पुढील हप्ता जुन्नरहून.