बसल्या जागचे कष्ट

कष्ट म्हणजे काय, याबद्दल आमच्या घरात कधी दुमत नव्हते. अंगातून घाम निघाला तर ते कष्ट. बाकी सारे बसणे. आबा गवंडीकाम करीत. मी पुस्तक उघडले तरी ते बसणेच. गेल्या वर्षी आबांना अर्धांगाचा झटका आला, थापी धरणारा उजवा हात लुळा पडला आणि तेही बसले. "आता माझा काय उपेग?" हा त्यांचा रोजचा प्रश्न.

फिजिओथेरपीच्या बाईंनी व्यायामाबरोबर एक नवलाचे काम सांगितले. आधी डोळे मिटून अंग सैल सोडायचे आणि हात हलतो आहे असे मनात पाहायचे. आबा हसले. मानसशास्त्र हा माझा विषय, म्हणून मी ग्रंथालय गाठले.

एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९३० च्या सुमारास काही माणसांना अंग सैल सोडून आडवे केले आणि हात दुमडल्याची नुसती कल्पना करावयास सांगितले. तेवढ्याने हाताच्या स्नायूत सूक्ष्म विद्युत्-लहर उमटली! म्हणजे मेंदूचा हुकूम मज्जारज्जूपर्यंत आणि तेथून प्रेरक चेतांच्या वाटेने स्नायूपर्यंत थोडासा झिरपला होता. त्याआधी १९२५ साली त्यांनी व कार्लसन यांनी दाखवले होते की, अंग सैलावले की गुडघ्यावर ठोकल्यावर पायाला बसणारा झटकाही मंदावतो. आवळलेल्या शरीरात चेतापेशी चाळवलेल्या असतात. सैलावलेल्या शरीरात त्या निवतात.

१९९२ साली यू आणि कोल या संशोधकांनी करंगळीवर प्रयोग केला. चार आठवडे प्रत्यक्ष जोर लावणाऱ्यांची ताकद ३० टक्के वाढली, नुसती कल्पना करणाऱ्यांची २२ टक्के, आणि काहीच न करणाऱ्यांची जेमतेम ४ टक्के. कल्पना करणाऱ्यांच्या स्नायूंना तर काहीच काम पडले नव्हते. सुधारली ती हुकूम देण्याची रीत.

अर्थात ती माणसे धडधाकट होती, आणि २२ म्हणजे ३० नव्हेत. झटक्यानंतर हात किती परत येईल, हे कल्पनेवर थोडेच ठरते! पण वाट वापरात राहते, हेही खोटे नाही.

मी आबांना विचारले, "आबा, गिलावा मारताना मनगट कसं फिरतं?"

त्यांनी डोळे मिटले. "आधी भिंत भिजवायची. मग माल थापीवर घ्यायचा अन् मनगटाचा झटका द्यायचा. पण हात ढिला पायजे. आवळला की माल भिंतीला धरत नाय."

जेकबसनसाहेबांनी यंत्र लावून शोधलेली गोष्ट माझ्या निरक्षर बापाला थापीने शिकवली होती. आता रोज सकाळी आबा मनातली एक भिंत पुरी करतात आणि मग बाईंनी दिलेला रबरी चेंडू उजव्या हातात घेतात. त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोलायचे नाही, असा घरात नियम झाला आहे. आबा कामावर असतात.