वैद्यनाथाच्या गावची राख

केज तालुक्यातलं युसूफ वडगाव हे काही प्रवासवर्णनात येणारं गाव नव्हे. तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे, एवढीच काय ती दाखवण्याजोगी गोष्ट! पण श्रावणात आम्हा बायकांची एक वारी ठरलेली. अंबाजोगाईला योगेश्वरीची ओटी भरायची आणि दुसरी एस.टी. धरून परळीला वैद्यनाथाच्या दर्शनाला जायचं. यंदा सासूबाई आणि जाऊबाईंबरोबर मीही गेले.

घाट उतरून परळी जवळ आली, की लक्ष वेधून घेतात त्या ‘थर्मल’च्या चिमण्या. “केवढा हा धूर!” जाऊबाई म्हणाल्या. मी पडले शिकवणारी बाई, मला कुठलं राहवतंय! कमरेत बारीक असलेल्या त्या रुंद मनोऱ्यांतून पांढरे ढग निघतात, ती नुसती पाण्याची वाफ. काळजीचं ते उंच चिमणीतून जातं, आणि पुष्कळदा डोळ्यांना दिसतही नाही.

परळीचं हे औष्णिक विद्युत केंद्र १९७१ साली ३० मेगावॉटच्या संचाने सुरू झालं. ते जुने संच आता मोडीत निघाले. पुढे २५० मेगावॉटचे तीन संच आले. आपल्या कोळशात राख फार. शंभर किलो जाळला तर तीस-चाळीस किलो राख उरते. चूल सारवलेल्या बाईला वेगळं सांगायला नको, पण इथे रोज हजारो टन कोळसा जळतो!

यातली बरीचशी उडती राख चिमणीत जाण्याआधीच पकडतात. धूर विजेने भारलेल्या पत्र्यांमधून नेला, की राख पत्र्यांना चिकटते. यंत्र नीट राखलं तर शंभरातले नव्याण्णव भाग अडतात. नाही राखलं, तर केसाच्या तिसाव्या हिश्श्याएवढे बारीक कण फुप्फुसात खोल जातात, तिथून रक्तातही उतरतात. दमा, खोकला, हृदयाचे विकार यांतूनच बळावतात. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना त्रास अधिक.

पकडलेली राख जाते कुठे? पुष्कळशी पाण्यात कालवून तळ्यात सोडतात. तळं वाळलं आणि उन्हाळ्याचा वारा सुटला, की ती उडते. दाऊतपूर, दादाहरी वडगाव इथल्या राखेच्या तक्रारी वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षं येत आल्या आहेत. तळं ओलं ठेवा म्हणणं सोपं, पण पाणी आणायचं कुठून? २०१३च्या दुष्काळात पाण्यावाचून हे केंद्रच बंद ठेवावं लागलं होतं. म्हणून मला वाटतं, आपल्या जिल्ह्यात राख कोरडीच गोळा करून बंद टाक्यांच्या गाड्यांतून सिमेंट आणि विटांच्या कारखान्यांकडे नेणं हाच शहाणपणा. पाणीही वाचेल. सगळी राख वापरात आणावी असा केंद्र सरकारचा २०२१चा नियमही आहे. पण उघड्या ट्रकमधून नेली, तर तळ्यावरची राख रस्त्यावर आली, एवढंच!

गंधकाच्या वायूचं निराळं. चुनखडीच्या पाण्याने धूर धुतला की तो उतरतो. २०१५ साली नियम झाला, मुदती मात्र वाढत गेल्या. जुलै २०२५मध्ये मोठ्या शहरांपासून दूरच्या बहुतेक केंद्रांना यातून सूटच मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी, खर्च फार, असं सरकारचं म्हणणं. कोळशाचं खरं आहे. पण मुंबईच्या मुलाची छाती आणि परळीच्या मुलाची छाती वेगळी असते का हो?

दर्शन झालं, बेल वाहिला. परतीच्या गाडीत सासूबाई पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, “ग्रामसभेत पाण्याचं, रस्त्याचं विचारता, मग त्या गावांनी राखेचं विचारायला काय हरकत?” ताडपत्री आहे का, तळ्यावर पाणी मारतात का, हवेचे आकडे कुठे लावतात, हे तीन प्रश्न मी तिकिटाच्या पाठीवर लिहून घेतले. परळीकडे माहेर असलेल्या दोघीतिघी आमच्या गल्लीत आहेत, त्यांच्या हाती ते देणार आहे.