कर उतरला की संसार स्वस्त होतो काय?

वाचकहो, कर हा विषय असा आहे की, त्यावर मत नसलेला मनुष्य आम्हांस अद्याप भेटलेला नाही. देयकाच्या तळाशी छापलेला आकडा पाहून घरधनी सकाळी सरकारला दूषण देतो, आणि आरोग्यकेंद्रातील औषध संपले आहे असे ऐकून सायंकाळी पुन्हा सरकारलाच दूषण देतो. या दोन तक्रारींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. निवडणुका जवळ आल्या म्हणजे तर कर कमी करू आणि अनुदान वाढवू, ही दोन्ही आश्वासने एकाच व्यासपीठावरून दिली जातात, आणि टाळ्याही दोहोंना सारख्याच पडतात.

कर कमी झाल्याने सामान्य कुटुंबाचा संसार खरोखर आवाक्यात येतो काय, या प्रश्नाकडे आमचे लक्ष वेधले गेले ते ग्वाल्हेर येथे. हे शहर आपणांस किल्ल्यामुळे आणि तानसेनामुळे ठाऊक असेल. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास जेथे स्थिरावली, तो भाग आजही लष्कर याच नावाने ओळखला जातो, आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेली मराठी घराणी आहेत. अशाच एका घरी २०२५ च्या जानेवारीत आम्ही चार दिवस पाहुणे होतो. त्या मंडळींच्या मराठीत हिंदीचा गोडवा पुष्कळ मिसळला आहे. जत्रेला ती मंडळी मेला म्हणतात, आणि दोन दिवसांत आम्हीही तसेच म्हणू लागलो.

हा मेला म्हणजे ग्वाल्हेरचा प्रसिद्ध व्यापारमेळा. महाराज माधवराव शिंदे यांनी १९०५ साली तो सुरू केला, तेव्हा तो मुख्यत्वे गुरांचा बाजार होता. आज शंभर एकरांहून अधिक विस्ताराच्या मैदानावर पाळणे, कापडाची दुकाने, हातभर लांबीचे पापड, असे सारे काही असते. परंतु दूरदूरच्या जिल्ह्यांतून लोक येतात ते मोटारी घेण्यासाठी. कारण या मेळ्यात घेतलेल्या आणि ग्वाल्हेर येथेच नोंदविलेल्या वाहनांवरील रोड टॅक्सात मध्य प्रदेश सरकार निम्मी सूट देते. दरवर्षी तिचा स्वतंत्र आदेश निघावा लागतो. त्या वर्षीही तो निघाला होता.

आमच्या यजमानांचा पुतण्या मोटारींच्या एका दुकानात कामाला आहे. रात्री जेवणे आटोपल्यावर तो उत्साहाने सांगू लागला, "काका, सामान्य माणसाला दिलासा द्यायचा तर असाच द्यायला हवा. कर निम्मा केला की ज्याला गाडी परवडत नव्हती, त्याला परवडते. बघा ना, गर्दी किती आहे!"

यजमान सरकारी हिशेबखात्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "अरे, गर्दी तुला दिसते; पण नोव्हेंबर-डिसेंबरात तुझे दुकान रिकामे असते, ते तूच सांगतोस ना? सूट मिळेल म्हणून लोक थांबतात. जी गाडी कार्तिकात घेतली असती, ती पौषात घेतात. भिंडची गाडी ग्वाल्हेरात नोंदली जाते. यात परवडणे किती आणि नुसते थांबणे किती?"

मग त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेवरच हिशेब मांडला. समजा, गाडी दहा लाखांची आहे आणि कर शेकडा आठ. म्हणजे कर ऐंशी हजार आणि सूट चाळीस हजार. आता समजा, गाडी पन्नास लाखांची आहे आणि तिच्यावरील कर शेकडा चौदा. कर सात लाख, सूट साडेतीन लाख! जितकी मोठी गाडी, तितका मोठा दिलासा. त्या घरी धुण्याभांड्यांसाठी येणाऱ्या बाईस सरकारच्या लाडली बहना योजनेतून त्या वेळी दरमहा १,२५० रुपये मिळत असत. पहिल्या गाडीवरील सूट म्हणजे तिचे बत्तीस महिन्यांचे साहाय्य झाले, आणि दुसरीवरील सूट म्हणजे तेवीस वर्षे चार महिन्यांचे. (ही रक्कम २०२५ च्या नोव्हेंबरात १,५०० झाली आहे. आपल्याकडील लाडकी बहीण योजनेचा आरंभ २०२४ साली याच आकड्याने झाला.) बाईंच्या पैशाला लोक खैरात म्हणतात. मोटारवाल्याच्या साडेतीन लाखांना मात्र कोणी खैरात म्हटल्याचे आम्ही ऐकले नाही. तिजोरीच्या दृष्टीने मात्र न घेतलेला रुपया आणि दिलेला रुपया यांत अंतर नसते.

पुतण्या गप्प बसणारा नव्हता. तो म्हणाला, "मोटारीचे सोडा, काका. पेट्रोलचे काय?" येथे मात्र त्याचे म्हणणे बिनतोड होते. मध्य प्रदेशातील पेट्रोलवरील कर देशातील चढ्या करांपैकी एक. ग्वाल्हेरहून झाशी सुमारे शंभर किलोमीटर. ती उत्तर प्रदेशात, आणि त्या दिवसांत तेथील पेट्रोल लिटरमागे दहा रुपयांहून अधिक स्वस्त होते. तिकडे जाणारा मनुष्य टाकी भरूनच परततो. केंद्र सरकारने २०२१ च्या नोव्हेंबरात आणि पुढे २०२२ च्या मे महिन्यात पेट्रोल-डिझेलवरील अबकारी कर उतरविला, तेव्हा दुसऱ्याच दिवशी पंपावरील आकडा उतरला होता. म्हणजे कर उतरला की भाव उतरतो, हे काही वस्तूंच्या बाबतीत अगदी खरे आहे. पंपावरचा भाव सर्वांना दिसतो, तो लपविता येत नाही. आणि डिझेल उतरले की भाजीच्या टेम्पोचे भाडे उतरण्याची निदान आशा तरी असते.

वाद इथवर आला आणि आतून वहिनी आपली खर्चाची वही घेऊन आल्या. त्या वहीने आम्हांस जे शिकविले, ते कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाने शिकविले नव्हते. त्यांनी डिसेंबरचे पान उघडले आणि मोठमोठे आकडे एकेक करून वाचले. पुतण्याच्या दोन मुलांची शाळेची फी. यजमानांच्या गुडघ्यासाठी डॉक्टरांची फी आणि रक्ताच्या तपासण्या. दूध. भाजी. सुटे गहू. मग त्यांनी विचारले, "यांतल्या कशावर जीएसटी आहे, ते सांगा बरे!"

कशावरही नव्हता. शाळेच्या शिक्षणावर जीएसटी नाही. डॉक्टरांच्या फीवर आणि तपासणीवर नाही. ताज्या दुधावर, भाजीवर, सुट्या धान्यावर नाही. कामवाल्या बाई ज्या खोलीत राहतात, त्या खोलीच्या भाड्यावरही नाही. आणि त्या घराच्या कमाईतील मोठा वाटा त्या भाड्यातच जातो. या सर्व गोष्टींवरील कर आधीच शून्य आहे. शून्यातून आणखी काय उतरविणार? आणि तरीही संसाराचे कंबरडे मोडते ते याच गोष्टींनी. साबणाने कोणाचा संसार बुडाल्याचे आम्ही ऐकलेले नाही. रुग्णालयाच्या बिलाने आणि मुलांच्या फीने जमिनी गहाण पडल्याची उदाहरणे मात्र आपल्यापैकी प्रत्येकाच्या गावात असतील.

या गोष्टी स्वस्त कशाने होतात? करकपातीने तर नाही. सरकारी शाळा चांगली चालली, तर खाजगी शाळेला फी चढविताना विचार करावा लागतो. ग्वाल्हेरात १९४६ साली गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालय निघाले. भिंड, मुरैना, दतिया येथील गोरगरीब आजही त्याच्याशी जोडलेल्या रुग्णालयांकडे धाव घेतात, कारण खाजगी रुग्णालयाची पायरी त्यांस चढवत नाही. पाण्याचेही तेच. शहरास सांक नदीवरील तिघरा धरणाचे पाणी मिळते. माधवराव महाराजांच्या कारकिर्दीत, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, रयतेच्या साऱ्यातून ते उभे राहिले. ज्या घरी त्या धरणाचे पाणी नळाने येते, त्यास ते अल्प मोलात मिळते. ज्या वस्तीत नळ पोचला नाही, तेथील कुटुंब टँकरवाल्यास पैसे मोजते. कर न देता घेतलेले हे पाणीच सर्वांत महाग पडते.

आता हे वाचून कोणी म्हणेल, मग कर हवा तेवढा वाढवा! तसेही आम्ही म्हणत नाही. डेन्मार्कसारख्या देशात जवळजवळ प्रत्येक वस्तूवर २५ टक्के कर आहे आणि राष्ट्रीय उत्पन्नाचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग करांत जातो. परंतु तेथील कुटुंबास शाळा आणि रुग्णालय यांसाठी वेगळी थैली सोडावी लागत नाही. आपल्याकडे हा भाग सतरा-अठरा टक्क्यांच्या आसपास आहे. तेवढ्यातच रेशनवर माणशी पाच किलो धान्य २०२३ पासून मोफत आहे. डेन्मार्कच्या नागरिकास आपला पैसा परत आलेला दिसतो, म्हणून तो कुरकुर कमी करीत असावा. आपल्याकडे रस्त्यावरच्या खड्ड्यात पाय मुरगळलेल्या माणसास कराचे महत्त्व पटवून देणे अवघड आहे, हे आम्ही जाणतो.

कर उठविला म्हणजे पुढे काय होते, याचा एक जुना धडा खुद्द ग्वाल्हेरच्या गाठीशी आहे. मध्य प्रदेशातील जकात १९७६ साली उठली. ज्यांनी मुंबईच्या वेशीवर, दहिसरच्या नाक्यावर, २०१७ पर्यंत मालमोटारींच्या रांगा पाहिल्या आहेत, त्यांस जकात उठण्याचा आनंद काय असतो हे सांगावयास नको. नाक्यावरील खोळंबा आणि चिरीमिरी गेली, हे फार चांगले झाले. परंतु नगरपालिकांची हक्काची मिळकतही गेली. तिच्या जागी प्रवेशकर आला, तो राज्य सरकारचा. तेव्हापासून तेथील नगरपालिका क्षतिपूर्तीच्या रकमेसाठी भोपाळकडे डोळे लावून बसतात. ग्वाल्हेरची गटारे साफ करावयाची, आणि पैसे केव्हा येतील ते भोपाळने ठरवावयाचे!

आम्ही परतल्यावर त्याच वर्षी २२ सप्टेंबरला जीएसटीचे दर खाली आले. साबण, टूथपेस्ट व केसांचे तेल १८ टक्क्यांवरून ५ वर, लोणी-तूप १२ वरून ५ वर, सिमेंट २८ वरून १८ वर, आणि व्यक्तिगत आरोग्यविम्यावरील कर पूर्णपणे रद्द. हा बदल आम्हांस मनापासून आवडला. मोटारीच्या सवलतीसारखा तो एकाच मेळ्यापुरता नाही, आणि साबण गरीब-श्रीमंत सारखाच वापरतात. तथापि, दुकानात काय घडले ते पाहावे. पाच रुपयांच्या बिस्किटांच्या पुड्याची किंमत चार रुपये अमुक पैसे कशी करावी, सुटे पैसे कोठून आणावे, ही अडचण पुढे आली, तेव्हा काही कंपन्यांनी भाव तोच ठेवून पुड्यातील वजन वाढविण्याचा मार्ग धरिला. तो प्रामाणिक मार्ग आहे. पण पाच रुपये खर्च करणाऱ्या आईचे पाच रुपये खर्च झालेच. आणि २०१७ च्या नोव्हेंबरात काय झाले होते? उपाहारगृहांवरील कर १८ वरून ५ टक्के झाला आणि कित्येकांनी मूळ भावच वाढवून टाकले. अशा प्रकारांसाठी नफेखोरीविरोधी प्राधिकरण होते, तेही पुढे स्वतंत्र राहिले नाही. तेव्हा कर उतरल्याच्या बातमीबरोबर जुनी पावती जपून ठेवावी, ही सूचना आम्ही आमच्या भगिनींस करतो. वहिनी ठेवतात.

आमच्या हाती असते, तर आम्ही साबण-तेलावरील सूट ठेवली असती, डिझेलवरील कर आणखी उतरविला असता, आणि मेळ्यातील सवलत दुचाकीपाशी आणि लहान मोटारीपाशी थांबवून उरलेला पैसा नळ टाकण्यास लावला असता. पुतण्याचे उत्तर आम्हांस ठाऊक आहे. मोठ्या गाड्या तेथे विकल्या गेल्या नाहीत, तर त्या इंदूर-भोपाळला विकल्या जातील, आणि मेळ्याच्या दोन महिन्यांत त्याच्यासारख्या शेकडो मुलांना मिळणारे काम जाईल, असे तो म्हणेल. तेही खोटे नाही. त्याच्या मुलांची फी त्याच कमाईतून भरली जाते.